कावळा बसला, फांदी तुटली

“१३ विजय, ४ पराभव. व्यवस्थापकाने कमाल केली. संघ एक नंबर!”

झालं परीक्षण. संगणकावर चालणाऱ्या अमेरिकन फुटबॉल लीगचा हंगाम संपला की प्रत्येक संघाच्या वाट्याला असल्या तीन ओळी येतात. मी त्या सगळ्या वाचतो आणि दर वेळी चिडतो. गुणतक्ता आम्हालाही वाचता येतो. तो मोठ्याने वाचून दाखवला म्हणजे परीक्षण होत नाही.

या लीगमध्ये खरं मैदान नसतं. प्रत्येक खेळाडूची ताकद, वेग, समज आकड्यांत मांडलेली असते. संघ चालवणारा माणूस खेळाडू निवडतो, करार करतो, डावपेच ठरवून देतो. सामना प्रोग्रॅम खेळतो. संगणक घरोघरी येण्याआधी हेच काम टेबलावर चालायचं. हॅल रिचमन यांच्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकने १९६८ मध्ये फुटबॉलचा खेळ काढला: दोघांनी आपापली चाल ठरवायची, फासे टाकायचे, कार्डावर निकाल बघायचा. १९९८ मध्ये जिम गिंडिन यांचा ‘फ्रंट ऑफिस फुटबॉल’ आला. त्यात खेळाडू पळवायचे नाहीत, कचेरीत बसून संघ बांधायचा. फासे टेबलावरून उठले आणि यंत्राच्या पोटात जाऊन बसले. गेले कुठेच नाहीत.

परीक्षक हीच गोष्ट विसरतात.

एकच क्षण बघा. धावणाऱ्याच्या हातून चेंडू सुटला. तो अंडाकृती, कुठे उसळेल याचा नेम नाही. पाच-सहा जण त्याच्यावर झेपावतात, माणसांचा ढीग होतो आणि ढिगाखालून कुणाच्या हाती चेंडू निघतो ते पंच बघतो. चेंडू पाडायला लावणं ही बचावाची करामत. सुटलेला चेंडू आपल्यालाच मिळणं हे साधारण नाणेफेकीसारखं. प्रोग्रॅमही तिथे आतल्या आत नाणं उडवतो. हंगामात अशी नाणी सतत आपल्या बाजूने पडली तर दोन-तीन सामने फुकट पदरात पडतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. परीक्षक मात्र कावळ्याच्या गळ्यात हार घालून मोकळा.

खऱ्या खेळातला पुरावा देतो. २०२२ चा मिनेसोटा व्हायकिंग्ज संघ. १३ विजय, ४ पराभव. केलेले गुण ४२४, दिलेले ४२७. म्हणजे तेरा सामने जिंकूनही बेरजेत तीन गुणांनी मागे! त्या तेरांपैकी ११ विजय आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे. आठ गुण म्हणजे एका टचडाउनचा खेळ. त्या फरकाचा एकही सामना साखळीत ते हरले नाहीत. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सने त्यांना ३१-२४ असं घरी पाठवलं. पुढच्या हंगामात ७ विजय, १० पराभव. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक कर्क कझिन्स मध्येच जखमी झाला, हे खरं. पण पहिल्या पाचांपैकी चार सामने तो मैदानात असतानाच गेले होते आणि चारही आठ गुणांच्या आतले. फांदी तीच, या वेळी कावळा दुसऱ्या बाजूला बसला. गुणांची बेरीज-वजाबाकी केली असती तर हे आदल्या वर्षीच दिसलं असतं. तेवढी वजाबाकी परीक्षणात नसेल तर ते छापू नये.

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांनाही एक टोला. २०१५ च्या सुपर बाउल या अंतिम सामन्याआधी ‘मॅडन’ या व्हिडिओ गेमने पेट्रियट्स २८, सीहॉक्स २४ असा निकाल दिला. खरा सामनाही २८-२४! लोक भारावले. आदल्याच वर्षी त्याच मालिकेतल्या गेमने सीहॉक्सविरुद्ध ब्रॉन्कोज ३१-२८ असे जिंकतील म्हटलं होतं. ब्रॉन्कोज ४३-८ असे धुऊन निघाले. एकदा खेळवलेला सामना म्हणजे एकदा टाकलेला फासा, त्याला भविष्यवाणी म्हणू नका.

खऱ्या मैदानावरचा हंगाम पुन्हा खेळवता येत नाही. इथे येतो. सुरुवातीची फाइल जपून ठेवा, तोच संघ, तेच वेळापत्रक पन्नासदा चालवा. संघ पन्नासदा सरासरी नऊ जिंकत असेल आणि लीगमध्ये तेरा जिंकला असेल, तर वरचे चार कावळ्याचे. हे शोधायला एक संध्याकाळ पुरते. हे साधन हाताशी असताना “संघात जिद्द होती” असं लिहिणं हा आळस आहे. आकड्यांच्या खेळाडूला जिद्द नसते. जिद्द असते ती खुर्चीत बसलेल्या माणसाला.

हरलेल्यांनाही सूट नाही. पराभव झाला की पहिलं बोट प्रोग्रॅमकडे. नाचता येईना, अंगण वाकडं. चौथ्या प्रयत्नाला एक यार्ड हवा असताना दर वेळी चेंडू लाथाडून देण्याची सूचना कुणी दिली? पगाराच्या मर्यादेतला मोठा हिस्सा वय झालेल्या एका क्वार्टरबॅकवर कुणी उधळला? ते अंगण नव्हे, तो नाच.

परीक्षणात मला हे निर्णय हवेत. ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, तिसऱ्या फेरीत कुणी एक धिप्पाड लाइनमन उचलला असेल. चेंडू फेकणाऱ्यासमोर जे पाच जण भिंत करून उभे राहतात, त्यातला हा एक. त्याच्या नावावर ना टचडाउन, ना यार्ड. पण तो आल्यापासून क्वार्टरबॅक कमी वेळा आडवा झाला असेल, तर हंगाम त्याने फिरवला. त्याला शोधून काढणं हे परीक्षकाचं काम. विजेत्याला सगळेच शोधतात.

आणि सर्वांत नीट परीक्षण तळाच्या संघाचं व्हावं. ४ विजय, १३ पराभव अशा संघामागेही एक माणूस असतो. नोकरी-संसार सांभाळून तो रात्री जागून यादी लावतो, अदलाबदलीचे निरोप पाठवतो, दर आठवड्याला हरून पुन्हा बसतो. “निराशाजनक हंगाम” हे दोन शब्द त्याच्या तोंडावर फेकू नका. तेरापैकी किती पराभव नाण्याने दिले आणि किती हाताने ओढवले, लाइनमनची निवड बरोबर होती की चूक, ते त्याला सांगा. तळाच्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये सहसा पहिली निवड मिळते. ती त्याने कशावर खर्च करायची, हे त्याला तुमच्या परीक्षणातून कळलं पाहिजे.