चारशे नंबर

तुमच्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक असणारच. रविवारची सकाळ, अंगात बनियन, मांडीवर मोटारसायकलचा एखादा अवयव, शेजारी पाण्याचं टमरेल, आणि "काय नाना, कुठवर आलं?" असं चुकून विचारणाऱ्याचा अर्धा दिवस बाद. आमच्या नानांकडे १९६८ची जावा आहे. आहे म्हणजे इंजिन बाल्कनीत, टाकी दिवाणाखाली, सायलेन्सर देवघरामागे आणि आरसी बुक लॉकरमध्ये, नानींच्या पाटल्यांच्या वर. (एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर कशाला, हे मात्र नानांना विचारू नका. मी विचारलं तेव्हा भुकेची वेळ होती. उत्तर संपलं तेव्हा झोपेची होती.)

पण गाडी राहू दे. नानांचं खरं दुखणं पॉलिश पेपर. ऐंशी नंबरचा खरखरीत, मग दोनशे वीस, चारशे, आठशे, हजार, आणि सगळ्यात शेवटी पाण्यातून फिरवायचा दोन हजार. निवृत्तीनंतर नाना जगाला याच नंबरांनी ओळखतात. डोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "डोळा फसतो रे, बोट फसत नाही. मीट डोळे, फिरव!" असं म्हणून ते आपलं बोट पकडतात आणि मडगार्डवरून फिरवतात. वाईट याचं वाटतं की ते खरं निघतं. लांबी कुठे संपली आणि पत्रा कुठे सुरू झाला, हे डोळे फाडून बघितलं तरी कळत नाही. डोळे मिटले की बोटाला लगेच कळतं.

एकदा हे कळलं की माणूस बिघडतो. लग्नाच्या पंगतीत नाना आधी पापडावरून बोट फिरवतात. "ऐंशी." मग खातात. मी दाढी करून आलो की गालावरून: "चारशे. अजून एक हात हवा होता." आम्ही एकदा एका घरी भेटायला गेलो होतो. माणूस गेलेला, सगळे माना खाली घालून बसलेले. नानांचा हात मात्र पाठीमागच्या भिंतीवरून सावकाश फिरत होता. मला कळलं आता काय होणार. मी त्यांच्याकडे डोळे वटारले. पण डोळ्यांवर विश्वास नसलेल्या माणसाला त्याचं काय! "एकशे वीसवर सोडलंय," ते कुजबुजले, "वर डायरेक्ट रंग." गेलेल्या गृहस्थांचा मुलगा समोरच होता. त्याला वाटलं, नाना वडिलांच्या स्वभावाबद्दल बोलतायत. त्याने डोळे पुसत मान हलवली.

नानींनी हे सगळं सोसलंय. इंजिनाचं बेअरिंग केसिंगमध्ये बसवायचं तर केसिंग तापवून फुगवायचं आणि बेअरिंग गारठवून आक्रसवायचं, मग ते हातोड्याशिवाय अलगद आत उतरतं. शास्त्र अगदी बरोबर. पण म्हणून ते श्रीखंडाच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं, आणि व्याही जेवायला येणार त्याच दिवशी? रंग उतरवायला कॉस्टिक सोडा लोखंडाला चालतो, ॲल्युमिनियमला खातो. हा धडा नानांनी नानींच्या पातेल्यावर घेतला. पातेलं फसफसलं, काळं पडलं, आणि नाना आनंदाने ओरडले, "बरं झालं, इंजिनचं कव्हर नाही टाकलं!"

क्रोमचा विषय निघाला की ते जरा गंभीर होतात. आधी तांबं, मग निकेल, सगळ्यात वर क्रोमचा इतका पातळ थर की चमक खरं तर खालच्या निकेलची असते. खाली ओरखडा राहिला तर क्रोम तो झाकत नाही, उलट चारचौघांत दाखवतं. म्हणून प्लेटिंगवाल्याकडे हँडल द्यायच्या आधी नाना ते पुन्हा घासतात. प्लेटिंगवाल्याचा मुलगा आता तो धंदा करत नाही, तरी नाना घासतातच.

गाडी रस्त्यावर कधी येणार, हा प्रश्न सरकारनेच सोडवला. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, आणि अट अशी की ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच. नानांनी हे मला इतक्या समाधानाने वाचून दाखवलं की बास. गाडी चालवू नका, दुरुस्त करत राहा, असं सांगणारा कायदा या देशात झाला होता.

माझ्या आईला नाना आवडत नसत. "तो घासणारा आला," म्हणायची. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला वॉकर आणला. तिचा तळहात लाल व्हायचा. ती म्हणायची वय झालं, आम्हीही म्हणायचो वय झालं. नाना भेटायला आले, सवयीने वॉकरवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मुठीचं रबर सरकलं होतं आणि खालच्या पाइपची कड तशीच धारदार होती. काही न बोलता ते वॉकर काखोटीला मारून निघून गेले. आई संध्याकाळभर खुर्चीत अडकून त्यांना शिव्या देत होती. रात्री आणून दिला. "हजारावर थांबणार होतो," दारातूनच म्हणाले, "पण म्हातारीचा हात आहे." हल्ली ते आले की आई आतून विचारते, त्याला चहा दिलास का.

या नोव्हेंबरात मी त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी स्कूटरवरून घेऊन गेलो. मशीनवर अंगठा ठेवला. जुळला नाही. दुसरा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, काहीच जुळेना. घासून घासून रेषाच उरल्या नव्हत्या. "काका, मशीनच्या मते तुम्ही नाही," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. नानांचं लक्षच नव्हतं. ते मशीनच्या काचेवर बोट फिरवत होते. कोपऱ्यात ओरखडा सापडला होता. शेवटी मुलाने मोबाइल काढला, चेहऱ्यावरून होतं म्हणाला. "काका, इकडे बघा. आता डोळे मिटा... उघडा." नाना मिटल्या डोळ्यांनीच बसून राहिले, हात काउंटरच्या सनमायकावर. मी कोपराने ढोसलं तेव्हा कुठे उघडले आणि सरकारदरबारी जिवंत झाले.

बाहेर आल्यावर मी त्यांचा अंगठा पकडला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. "दोन हजार," मी म्हणालो.

"छे," नानांनी हात सोडवून घेतला. "पंधराशे. नखाच्या बाजूला अजून काम आहे."