डोळ्यांदेखत

बायपास करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांत दोन वर्ग असतात. एकाला टाके बघायचे असतात, दुसऱ्याला बिल. दोघांच्याही तोंडून "बाप्पा, एवढं!" हेच निघतं. मग चहा येतो, कुणाच्या तरी साळ्याचं ऑपरेशन निघतं, साळ्याला पाच ब्लॉकेज असतात आणि माझे तीनच असल्यामुळे मी तिथल्या तिथे मागे पडतो. लसूण चावून खावा की गिळावा, यावर मतभेद होतात. शेवटी दारात चपला घालता घालता "बाकी सगळं ठीक ना?" असं विचारलं जातं. हा प्रश्न नसतो, निरोप असतो. एका संध्याकाळी मी त्याला खरं उत्तर दिलं. म्हटलं, "बाकी ठीकच आहे भाऊ, फक्त तुमचा डावा गाल मघापासून दिसत नाही."

त्यानंतर बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. ऑपरेशनच्या फायद्यांत हा बराच वरच्या नंबरवर.

पण गाल खरंच दिसत नव्हता. तिथे काळा डाग नव्हता, पांढरा नव्हता, अंधूकही नव्हतं. गाल नव्हता, एवढंच. आणि तो नसल्याचं त्या जागेला काही वाटतही नव्हतं. थोड्या वेळाने त्या रिकाम्या जागेच्या कडेला एक चकाकती रेघ उमटली. सरळ नव्हे, दातेरी. दात लुकलुकत होते आणि रेघ कमानीत वाकून, मोठी होत होत डावीकडे सरकत होती. डोळे मिटले, तरी रेघ होतीच. एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला. रेघेला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटांत ती नजरेच्या टोकाकडून बाहेर पडली. तोवर गालाचे मालक घरी पोचले होते.

हिला समजावून सांगणं आलं. म्हटलं, "तुझी ती टसरची करवतकाठी साडी आहे ना? तिचा काठ दिव्यांनी विणलाय आणि तो चालतोय, असं समज."

"ती साडी तुम्हाला आठवते?"

"म्हणजे काय!"

"नेसते तेव्हा तर कधी दिसली नाही."

तरीही तिने लगेच हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून विचारणा झाली: तोंड वाकडं झालंय का? दोन्ही हात वर उचलता येतात का? बोलणं अडखळतंय का? ही म्हणाली, "बोलणं अजिबात अडखळत नाही. तीच तर अडचण आहे."

आता माझी अडचण सांगतो. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. तीनाचा आठ केलेला आकडा, मागाहून घातलेली तारीख, एकाच पेनने झालेल्या दोन माणसांच्या सह्या, हे सगळं मी नुसत्या नजरेने पकडत आलो. त्यामुळे "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय" हे वाक्य ऑफिसात अखेरचं असायचं आणि घरातही ते तसंच चालावं, असा माझा आग्रह होता. फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा काल अर्धा होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. विषय संपला. गालाच्या प्रकरणानंतर विषय संपेनासा झाला. "डबा अर्धा होता, की अर्धा दिसत नव्हता?" असे उलट आक्षेप यायला लागले. छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या हिशेबाचं कुणी ऑडिट केलं नव्हतं.

फेरतपासणीला सर्जनकडे गेलो. त्यांनी छातीचं हाड दाबून पाहिलं, पायावरची शिवण पाहिली, स्पायरोमीटरचे किती चेंडू वर जातात ते विचारलं. मी रेघेचं सांगितलं. ते म्हणाले, "ईसीजी एकदम सुरेख आहे." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली.

डोळ्यांच्या बाईंनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आत टॉर्च मारली, पडदा पाहिला. मग एकच प्रश्न विचारला, "एक डोळा झाकला तरी दिसतं? आणि दुसरा झाकला तरी?" दोन्हींना हो म्हटल्यावर त्यांनी टॉर्च खाली ठेवली. "मग ते डोळ्यांत नाही. दोन्ही डोळ्यांचा माल जिथे एकत्र येतो, तिथे आहे. इथे." आणि त्यांनी स्वतःच्या अंबाड्याखाली बोट ठेवलं.

ही म्हणाली, "मला वाटतच होतं, डोक्यात आहे."

तिसरी चिठ्ठी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेली. स्कॅन झालं, त्यात वावगं काही निघालं नाही. ते म्हणाले, हा अर्धशिशीचा पूर्वरंग आहे. फक्त तुमच्याकडे पूर्वरंगच होतो, मुख्य कार्यक्रम होत नाही. डोकं दुखत नाही ना? मग झालं. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पूर्वी कधी अर्धशिशी नसलेल्यांनाही अशा रेघा दिसतात आणि बहुतेकांच्या हळूहळू कमी होतात. जाताना त्यांनी एक नियम मात्र दोनदा म्हणून घेतला. रेघ चालत असेल, पसरत असेल आणि आपण होऊन जात असेल, तर खुर्चीत बसून बघा आणि पुढच्या भेटीत सांगा. पडदा पडल्यासारखं एकदम अर्धं दिसेनासं झालं, हात-पाय-जीभ ऐकेनाशी झाली, तर चहासुद्धा न पिता हॉस्पिटल गाठा.

रोगाला नाव मिळालं की पेन्शनर वाचायला लागतो. पहिलंच समाधान असं की, या काठाचं रीतसर चित्र १८७० सालीच काढून झालेलं आहे. ह्यूबर्ट एअरी नावाच्या इंग्रज डॉक्टरने स्वतःला दिसलेली दातेरी रेघ टप्प्याटप्प्याने, रंगांसकट कागदावर उतरवली आणि रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली. त्याला ती किल्ल्याच्या तटबंदीचा आराखडा वाटली. इंग्रज माणसाला तट दिसतो, विदर्भातल्या माणसाला साडी. ज्याचा त्याचा संसार. या ह्यूबर्टचे वडील जॉर्ज एअरी हे ब्रिटनचे शाही खगोलशास्त्रज्ञ. त्यांनाही असले झटके यायचे. त्याच गृहस्थांनी १८२५ च्या सुमारास स्वतःच्या एका डोळ्यासाठी दंडगोल भिंग बनवून घेतलं होतं. आपल्या चष्म्याच्या कार्डावर 'सिलिंडर' म्हणून जो रकाना असतो, त्याची सुरुवात तिथली. बापाने सगळ्या जगाचं वाकडं दिसणं सरळ केलं आणि मुलाने सरळ रेषेतलं वाकडं दिसणं छापून आणलं.

पुढे १९४१ साली कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या रेघेची जागा थोड्या थोड्या वेळाने कागदावर टिपली आणि हिशेब मांडला: मेंदूच्या मागच्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर या गतीने सरकत असलं पाहिजे. तीन वर्षांनी ब्राझीलच्या आरिस्तिदेस लेआँव यांना सशाच्या मेंदूत जवळजवळ त्याच गतीने जाणारी लाट सापडली. लाट पुढे जाते तशा तिच्या कडेवरच्या पेशी खवळतात, तेव्हा चकाकी दिसते. आणि लाट गेल्यावर त्या काही वेळ गप्प बसतात, तेव्हा गाल जातो. मिनिटाला तीन मिलिमीटर म्हणजे ताशी अठरा सेंटिमीटर. आमच्या खात्यात फायली याहून वेगाने जायच्या, पण फार नाही.

लाट उठवली कुणी, हा पुढचा प्रश्न. ऑडिटरच्या मनात तो आल्याशिवाय राहत नाही. संशय पहिल्यांदा यंत्रावर जातो. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या भरवशावर एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. ते यंत्र त्या दिवशी सव्वीस मिनिटं तिचं हृदय होतं. आता ते तासन्‌तास चालतं. रक्त नळ्यांतून बाहेर येतं, प्राणवायू घेतं, गाळणीतून जातं आणि परत आत येतं. गाळणी चांगली असते, पण बारीकसारीक बुडबुडे आणि चरबीचे कण तिलाही चकवतात. शिवाय महाधमनीला चिमटा लावताना तिच्या भिंतीवरचा जुना चुना निसटू शकतो. त्यात भर रक्तदाबाच्या चढउतारांची, उतरलेल्या हिमोग्लोबिनची, भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांची, आयसीयूत रात्रभर जळणाऱ्या ट्यूबलाइटची. यांपैकी नेमकं कोण? आमच्या अहवालात अशा ठिकाणी एक ठरलेलं वाक्य असायचं. तेच लिहितो: जबाबदारी निश्चित करता आली नाही.

सकाळी अंबाझरीला फिरायला जाऊ लागलो, तेव्हा कळलं की मी एकटा नाही. तिथे छाती उघडून आलेल्यांचा एक कट्टाच आहे. टाक्यांबद्दल सगळे मोकळेपणाने बोलतात. दिसण्याचा विषय काढला की आधी इकडेतिकडे बघतात आणि मग आवाज खाली आणतात. एकाला रस्त्याच्या प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसायचं. ठोके नियमित राहावेत म्हणून तो महिनोन्‌महिने अमिओडॅरोन घेत होता, त्याचे कण बुबुळाच्या काचेवर साचतात. दुसऱ्याला घरी येताच पेपर दिसेना, म्हणून त्याने तातडीने नवा चष्मा केला. ऑपरेशनमध्ये अंगात भरलेलं पाणी उतरलं, साखर ताळ्यावर आली आणि चष्मा ज्या डोळ्यांसाठी केला होता ते डोळेच राहिले नाहीत. आता तो सगळ्यांना सांगतो, दोन महिने चष्म्याच्या दुकानाकडे बघायचंसुद्धा नाही. तसंही नीट दिसत नाहीच. कट्ट्यावरच्या सर्वांत जुन्या आजोबांच्या अंगात एकदा डिजॉक्सिन जास्त झालं आणि त्यांना घर पिवळं दिसू लागलं. हा दुष्परिणाम विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली लिहून ठेवलाय. आजोबांनी विदरिंग वाचलेला नव्हता. त्यांनी भाताला हळद का घातली म्हणून सुनेशी अबोला धरला.

मलाही आयसीयूत डोळे मिटले की काहीतरी दिसायचं. लोकांना देव दिसतात, गेलेली माणसं दिसतात. मला रोकडवही दिसली. हिरव्या कापडी पाठीची, कडेला बोटांनी काळी झालेली, तारखेच्या रकान्यात जांभळी शाई. पान आपोआप उलटायचं आणि प्रत्येक पानाची बेरीज सत्त्याण्णव पैशांनी चुकलेली. नळी काढल्यावर मी पहिल्यांदा काय बोललो, हे नर्स बाहेर सांगायला गेली. ही देवापुढे हात जोडून उभी होती. निरोप आला, "पेशंट व्हाउचर मागतोय."

पण मला खरा धक्का ना रेघेने दिला ना वहीने. तो एका साध्या माहितीने दिला. डोळ्यातून मज्जातंतू जिथे मागे जातो, तिथे पडद्यावर बघण्याची सोयच नसते. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात असं एक भोक जन्मापासून असतं, हे एदम मारियोत या फ्रेंच माणसाने १६६० च्या दशकातच दाखवून दिलं. मग एक डोळा झाकला तरी आपल्याला जगात भोक का दिसत नाही? कारण मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा भरून टाकतो. भिंत असेल तर भिंत, आकाश असेल तर आकाश. कुणाला विचारत नाही, खाली खुलासा लिहीत नाही. सरळ सांगायचं तर, ताळेबंद जुळावा म्हणून तो रोज बनावट नोंद टाकतो आणि त्याखाली आपण बिनदिक्कत सही करतो: मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

हा गैरव्यवहार माझ्या कवटीत माझ्या जन्मापासून चालू होता, आणि मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दप्तरात तीनाचे आठ शोधत हिंडलो! गाल गेला तेव्हा वीस मिनिटं तेवढी तो कारकून रजेवर होता आणि रकाना जसा आहे तसा रिकामा दिसला. माझ्या मते तो नजरेचा दोष नाहीच. तेवढीच काय ती प्रामाणिक नोंद.

ही भूमिका मी नुकतीच आमच्या सोसायटीच्या सभेत जाहीरपणे मांडली. फाटकाला कुणाच्या तरी गाडीने वाकवलं होतं आणि गॅलरीत बसलेला मी एकटाच साक्षीदार होतो. सांगितलं: गाडी पांढरी, वेळ संध्याकाळी सव्वासहा, नंबर एमएच एकतीसपासून सुरू होणारा, शेवटी सात. मधले आकडे त्या वेळी नव्हते.

"नव्हते म्हणजे पुसलेले होते का काकाजी?" सचिवांनी विचारलं.

"पुसलेले नाही. नव्हते. डावीकडे जात होते."

"मग अंदाजाने सांगा ना."

"अंदाजाने भरायचं काम मेंदू करतो. मी त्याच्यावर आक्षेप घेतलेला आहे."

सचिवांनी बराच विचार करून इतिवृत्तात लिहिलं की, गाडीचे मधले आकडे साक्षीदाराच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. सभेत हशा पिकला. सर्वांत मोठ्याने हसले ते दुसऱ्या मजल्यावरचे पांढऱ्या गाडीवाले. त्यांचे दात त्या क्षणी मला सगळेच्या सगळे, अगदी मधलेसुद्धा, स्वच्छ दिसले. तेवढी नोंदही लगोलग घ्यायला लावली.