काळ्या खिडकीस अनावृत पत्र

मु. पो. लासलगाव, ता. निफाड, जि. नाशिक

श्रीमती काळी खिडकी ऊर्फ टर्मिनल यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण पुन्हा अबोला धरला आहे.

लासलगावला बंद नवा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि इथले लिलाव काही दिवस थांबले. पण त्या बंदचे कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आपला बंद मुका.

दिवसभर एक्सेलमध्ये हिशेबपट्ट्या भरणाऱ्या मुनिमाच्या बोटांना दर दोन ओळींनी कंट्रोल-एस दाबायची खोड असते. केलेले काम जपावे, त्यात गैर ते काय? तीच बोटे लिनक्सच्या खिडकीत येतात, सवयीने तीच जोडी दाबतात आणि आपण गप्प! मग तो कळफलक उलटा करून झटकतो, वायर काढून पुन्हा खुपसतो, शेजारच्या गाळ्यातून दुसरा कळफलक उसना आणतो. पहिला बिचारा ठणठणीत असतो.

हा रुसवा वडिलोपार्जित आहे. १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्राला कागदी फीत वाचणारा भाग जोडता येई. तो थांबवायला आस्की या संकेतावलीतला १९ क्रमांकाचा संकेत, चालू करायला १७ क्रमांकाचा. रोमन मुळाक्षरांत एस एकोणिसावा, क्यू सतरावा. कंट्रोलसोबत अक्षर दाबले की त्याच्या क्रमांकाचा संकेत जातो, म्हणून कंट्रोल-एस म्हणजे थांब आणि कंट्रोल-क्यू म्हणजे चल. फीत गेली, यंत्र भंगारात गेले, हुकूम तेवढा राहिला.

म्हणजे आपण गेलेल्या नसता, फक्त लिलाव थांबलेला असतो. ट्रॉल्या दारात लागतच राहतात. चिडून बडवलेली अक्षरे रांगेत उभी असतात आणि कंट्रोल-क्यू दाबताच भडाभडा पडद्यावर येतात; मध्ये एंटर दाबलेले असेल तर हुकूम म्हणून बजावलेही जातात. (संतापात काय टाइप झाले होते, तेही तेव्हाच सर्वांसमक्ष वाचायला मिळते.) ही पीडा कायमची टाळायची तर ‘एसटीटीवाय’, मग जागा सोडून ‘उणे आयएक्सओएन’, एवढी ओळ बॅशआरसी फाइलमध्ये लिहून ठेवावी लागते. आपण कधी सांगितलेत?

आपल्या विंडोजमधल्या जुन्या वळणाच्या भगिनींना तर माउसचा नुसता स्पर्श खपत नाही. खिडकीत चुकून क्लिक झाले की मजकूर निवडणे सुरू, चालू काम जागीच खिळलेले. वर शीर्षकपट्टीत ‘सिलेक्ट’ अशी बारीक चिठ्ठी असते, पण तिकडे बघतो कोण? एस्केप दाबले की गाडी हलते. लिनक्समध्ये ‘सुडो’ हा हुकूम पासवर्ड विचारतो तेव्हा बहुधा ठिपकाही उमटत नाही. ती मात्र सावधगिरी आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

कळावे.

नवा कळफलक विकत घेऊन बसलेला
एक लासलगावकर

ता. क. : परवा कळफलक मराठी इन्स्क्रिप्टवरच राहिला होता. फायलींची यादी मागायला एल आणि एस दाबले, तर उमटले ‘ते’. असा हुकूमच नाही, असे आपण फटकारलेत. निदान बोललात.