धुळेमार्गे गळती

शिडाची बोट ही वस्तू खानदेशात आढळत नाही. मुलताईपासून सुरतेपर्यंत 724 किलोमीटर वाहणारी तापी आपल्या प्रवासाचा मोठा भाग खानदेशातून करते हे खरे असले, तरी तिच्या पात्रातील खडक आणि उन्हाळ्यातील तिची काटकसर यांमुळे गलबतांनी या वाटेचा फारसा नाद केला नाही आणि खानदेशचा माल सुरतेला गेला तो बैलांच्या बळावर. असे असूनही, जुन्या शिडाच्या बोटीतील पाण्याची बारीक गळती कशी थांबवावी याच्या अभ्यासकाने समुद्राकडे पाठ करून धुळ्याची एसटी पकडावी, असे या प्रवासवर्णनाचे प्रतिपादन आहे. कारण या दुरुस्तीला लागणारे ज्ञान आणि सामान दोन्ही खानदेशात आहे, नाही तो फक्त समुद्र.

प्रवासाचा नायक जन्माने अमळनेरचा असून गोव्यात मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या, वयाची तिशी उलटलेल्या एका बोटीचा मालक आहे. त्याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या 56 फुटी नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. एकट्याच्या प्रवासात कप्तान, आचारी आणि प्लंबर ही तिन्ही पदे एकाच माणसाकडे असतात, हा त्यातला कमी चर्चिला गेलेला भाग होय. या नायकाने प्रदक्षिणा केलेली नाही; प्लंबरपदापर्यंत मात्र तो पोचला आहे.

गळतीची पहिली खबर कानाला लागते. बोटीतील गोड्या पाण्याचा पंप नळीतला दाब कमी झाला की आपोआप सुरू होतो आणि दाब भरला की थांबतो. त्यामुळे सर्व नळ बंद असताना रात्री दर वीस मिनिटांनी तो घशात काही अडकल्यासारखा खाकरू लागला, तर कुठला तरी सांधा पाझरतो आहे असे समजावे. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याच्या जुन्या व्यवस्थेत, पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या अशी वेगवेगळी माणसे असत. बोटीत ही दोन्ही कामे मालकाच्या झोपेतून वसूल होतात.

दुसरी खबर जिभेला लागते. बोटीच्या तळाशी, फळ्यांखाली जो सखल भाग असतो आणि जिथे बोटीतले सारे चुकार पाणी अखेर मुक्कामाला येते, त्याला बिल्ज म्हणतात. तिथले पाणी खारट लागले तर दोष बोटीच्या अंगात किंवा समुद्राचे पाणी आत आणणाऱ्या नळीत, आणि गोडे लागले तर टाकीच्या बाजूला, असे निदान करतात. काळ्या मसाल्याच्या शेवभाजीवर पोसलेल्या खानदेशी जिभेला खारटपणाच्या बारीक छटा कळत नसल्याने मालकाला हा नमुना तीनदा चाखावा लागला, आणि तिसऱ्या खेपेला त्यात डिझेलही असल्याचे लक्षात आले. निष्कर्ष: पाणी गोडे.

खानदेशच्या अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे ‘नळ गळतो’ हे वाक्य तिथे ‘नय गयस’ असे उच्चारले जाते. तक्रार इतक्या मऊ शब्दांत मांडणाऱ्या भाषेत प्लंबर लगबगीने का येत नाही, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

धुळ्याला जाण्याचे कारण सायफन. एका टोकाला पाण्याची पातळी उंच असेल तर भरलेल्या नळीतून पाणी अडथळा ओलांडून दुसऱ्या टोकाला आपोआप जाते, हा त्यामागचा नियम. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या वाट्याला नोकरीच्या आरंभीच जे काम आले, ते धुळे भागात पांझरेच्या पाण्यावर नळांचा सायफन बांधण्याचे होते. ज्या नियमाने पांझराकाठी शेत भिजते, त्याच नियमाने बोट बुडते. कारण शौचकूप पाण्याच्या पातळीखाली असेल आणि त्याची नळी सरळ बाहेर नेलेली असेल, तर समुद्र त्या वाटेने, कोणी न बोलावता, आत येऊ लागतो. म्हणून ती नळी आधी पातळीच्या बरीच वर नेऊन, माथ्यावर हवेला वाट ठेवून, मग खाली उतरवतात. ही उफराटी रचना ज्याला कळत नसेल त्याने धुळ्याहून जळगावला रेल्वेने जाऊन पाहावे: पूर्वेला जाण्यासाठी गाडी आधी दक्षिणेला चाळीसगावपर्यंत उतरते, तिथे प्रवासी गाडी बदलतो, भजी खातो, आणि मग पाचोऱ्याच्या वाटेने वर चढतो. नायकाने एसटी पसंत केली. वाटेत पारोळ्याचा भुईकोट लागला, ज्याच्या बांधणाऱ्यांनी भोवती मुद्दाम खंदक खणून पाणी आणवले होते. मालकाला तो पाहवला नाही.

जळगावात शिरताच विषयाचे तत्त्वज्ञान बदलते. बोटीत जिला गळती म्हणतात, तिलाच इथे ठिबक म्हणतात आणि तिच्यावर अनुदान मिळते. भवरलाल जैन यांनी उभ्या केलेल्या उद्योगामुळे या शहराचे नाव पाइप आणि ठिबक यांच्याशी जोडले गेले, आणि रावेर-यावलच्या केळीबागांत थेंब मोजून पाणी देण्याची रीत रुळली. ताशी 4 लिटर सोडणाऱ्या एका ड्रिपरमधून दिवसरात्र मिळून 96 लिटर पाणी पडते. केळीला यात समाधान आहे, पण बोटीच्या टाकीचा यात दोनतीन दिवसांत निकाल लागतो.

उपाय मात्र साधा असतो. प्रत्येक सांध्याला कोरडा कागद गुंडाळून ठेवावा आणि जो आधी भिजेल तो गुन्हेगार मानावा. वयाने कडक झालेली नळी ओढून न काढता कापावी, नव्या नळीचे टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करावे, ते सांध्यावर पुरते चढवावे आणि वरून क्लिप आवळावी. पाण्याच्या पातळीखालच्या सांध्याला अशा दोन क्लिपा लावतात, म्हणजे एक गंजली तरी दुसरी लाज राखते. चिकटवलेला कडक पाइप बोटीत टिकत नाही, कारण लाटेवर बोटीचे अंग पिळवटते आणि सांधा तडकतो. सफेदा आणि धागा यांवर श्रद्धा असणाऱ्यांनी ती पेचाच्या सांध्यापुरती ठेवावी. क्लिपेचा स्क्रू हलक्या लोखंडाचा नाही ना, हे लोहचुंबक लावून पाहता येते.

या शेवटच्या मुद्द्यासाठी मालक खिशात चुंबक घेऊन जळगावातील एका पाइपच्या दुकानात उभा राहिला आणि बोटीसाठी क्लिपा हव्यात असे म्हणाला. दुकानदाराने नेहमीच्या सवयीने ‘बोअरसाठी’ असे ऐकले आणि अदबीने विचारले, “किती फुटी आहे, भाऊ?” मालकाने बोटीची लांबी सांगितली, “बत्तीस.”

“बत्तीस फुटांत पाणी लागलं?” दुकानदार उठून उभा राहिला आणि त्याने चहा मागवला. “आमच्याकडे सातशे फूट गेले तरी धूळ निघते!”

पाणी लागले होते, हे नाकारण्यासारखे मालकाजवळ काही नव्हते. त्याने चहा घेतला आणि चार क्लिपांचे पैसे दिले.