दौरा डुक्कर फियाटचा

1954 साली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यातून फियाट अकराशे ही मोटार बाहेर पडू लागली, तेव्हा तिच्या माहेरी, म्हणजे इटलीतील तुरीन नगरीत, तिला ‘मिलेचेंतो’ असे संगीतमय नाव होते. परंतु आमच्या लोकांनी तिचे गोलसर अंग, पुढे काढलेले नाकाड आणि खाली मान घालून धावण्याची तऱ्हा पाहून तिचे बारसे नव्याने उरकले, आणि ‘डुक्कर फियाट’ हेच नाव पुढे सर्वतोमुखी झाले.

आमच्या थोरल्या काकांना हे नाव सर्वथैव नामंजूर होते. काका मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर पुण्यास स्थायिक झाल्यावर त्यांनी ही मोटार जुन्या बाजारातून खरेदी केली, ती मुख्यतः पुन्हा एक दप्तर उघडावयास मिळावे म्हणून, असा काकूंचा अभिप्राय होता. त्या दप्तरात मोटारीचा उल्लेख सर्वत्र ‘सदर वाहन’ असा असे. पेट्रोलचा खर्च ‘मंजूर’ होई, टायरला पडलेल्या भोकाची ‘दाखल’ म्हणून नोंद होई, आणि वाटेत सदर वाहन बंद पडल्यास जागेवरच दोन पंचांसमक्ष पंचनामा होई. पंच म्हणजे मी आणि माझा चुलतभाऊ. आम्ही दोघेही कायद्याने अज्ञान असल्यामुळे आमच्या सह्यांखाली ‘अज्ञान पालनकर्ती’ म्हणून काकूंची सही घेतली जाई, आणि काकू ती रस्त्याकडेच्या दगडावर बसून, तोंडाने वेगळेच काही पुटपुटत करीत.

ही मोटार परदेशी आहे असे म्हणण्याची मात्र कोणाची प्राज्ञा नव्हती. काकांचा युक्तिवाद असा, की कुर्ल्याचा कारखाना ज्यांनी उभारला ते वालचंद हिराचंद सोलापूरचे. सातारारोड येथे सर धनजीशा कूपर यांनी, म्हणजे 1937 साली मुंबई इलाख्याचे काही काळ मुख्यमंत्रिपद भूषविलेल्या गृहस्थांनी, काढलेला इंजिनांचा कारखाना पुढे वालचंद समूहाकडेच आला. आणि सातारारोड हे कोरेगाव तालुक्यात मोडते. सबब सदर वाहन हे जन्माने तुरीनचे असले तरी वतनाने कोरेगावचे होय. या निकालावर अपील चालत नसे.

अशा या वतनदार वाहनातून आम्ही दरवर्षी मार्गशीर्षाच्या अखेरीस, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेचा मुहूर्त साधून, मूळ गावी कोरेगावास जात असू. पुण्याहून कोरेगावास जाण्याचे दोन मार्ग: एक दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार असा, दुसरा कात्रज आणि खंबाटकी हे दोन घाट ओलांडून साताऱ्यावरून. पहिला मार्ग सोपा म्हणून आगगाडीने बहुतांशी पतकरलेला, आणि आगगाडीने पतकरलेल्या मार्गाने स्वतःचे वाहन असलेल्या माणसाने जावे यात काकांना अप्रतिष्ठा वाटे. त्यामुळे खंबाटकीच्या निम्म्यावर रेडिएटरमधून वाफेचा लोट उसळणे, काकूंनी पिण्याच्या पाण्याची कळशी पदराखाली दडविणे आणि काकांनी ती ‘सार्वजनिक कार्यासाठी’ संपादन करणे, हा क्रम ठरलेला असे. भूसंपादनाला मोबदला तरी मिळतो, एवढेच काकू म्हणत.

या मोटारीची पुढची दारे मागच्या कडेला बिजागरी असल्याने उलटी, वाऱ्याला तोंड देत उघडत. चालू गाडीत कडी निसटली तर ते संकट खरे. परंतु नऊवारी नेसलेल्या बाईला पाऊल पुढे टाकून, कोणापुढेही न वाकता उतरता येईल अशी मोटार पुढे कोणी केली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. साताऱ्यापुढे माहुलीस कृष्णेच्या पुलाशी काकू अशा उतरत, की संगमावरील भिक्षुक एखादी संस्थानिक राणी आल्यासारखे धावत येत. या संगम माहुलीस शाहू छत्रपतींच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचविले आणि म्हणून त्यास पालखीचा मान मिळाला, असे सांगतात. काका तेथे हात जोडीत आणि आमच्याकडे वळून विचारीत, “कुत्र्याला पालखी मिळते, मग डुकराची एवढी अवहेलना का?” ते नाव त्यांनी स्वमुखाने उच्चारण्याचे हे एकमेव स्थळ.

माहुलीपासून कोरेगाव हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. पण मध्ये जरंडेश्वराचा डोंगर आहे. द्रोणागिरी घेऊन जाताना मारुतिरायाच्या हातून निसटलेला तुकडा म्हणजे हा डोंगर, अशी कथा आहे. मारुतीलाही जेथे ओझे हलके करावेसे वाटले तेथे आमच्या इंजिनाने मान टाकावी यात नवल नाही, असे काका म्हणत. 1983 साली मारुती याच नावाची मोटार अवतरून फियाटचे राज्य खालसा करील, हे तेव्हा त्यांच्या स्वप्नातही नव्हते. वास्तविक दोष कोणत्याही देवाचा नसे. तापलेल्या इंजिनाशेजारी असलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होई आणि पुरवठा तुटे. त्यावर ओले फडके गुंडाळून स्वस्थ बसणे हाच उपाय. परंतु पाणी खंबाटकीलाच संपादन झालेले असल्यामुळे एके वर्षी फडके होते, पंप होता, पंचनामाही तयार होता, आणि गाडी मात्र हलेना.

तेवढ्यात पुसेगावच्या जनावरांच्या बाजाराला निघालेला एक शेतकरी खिलार बैलांची पांढरीशुभ्र जोडी घेऊन आला. त्याने सदर वाहनाभोवती एक प्रदक्षिणा घातली, बंपरला दोर बांधला आणि काकांना म्हणाला, “रावसाहेब, तुमी नुसतं चाक धरून बसा. हाकायचं आमी बघतो.”

“पाटील, मोबदल्याचं काय ते आधी लिहून घेऊ,” काका म्हणाले.

“मोबदला कशाला? बाजारात सांगंन, ही जोडी मोटार वढती. किंमत वाढंल. तुमचीबी इकायची आसंल तर चला, एकाच दावणीला बांधू.”

काका आयुष्यात प्रथमच निरुत्तर झाले. आम्ही कोरेगावच्या पेठेतून बैलांमागे मिरवत गेलो तेव्हा घेवड्याची पोती मोजणारे अडते वजन सोडून बाहेर आले होते आणि काका, इंजिन बंद असतानाही, वळणावळणावर हॉर्न वाजवीत होते. दप्तरात त्या दिवसाची नोंद मी पुढे वाचली: ‘सदर वाहन कोरेगाव मुक्कामी सुरक्षित दाखल. वाटेत स्थानिक साह्य घेतले.’ बैलांचा उल्लेख नाही. पंचांच्या सह्याही घेतलेल्या नाहीत.

मुंबईच्या रस्त्यावरून फियाटच्या वंशातील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. परंतु डुक्कर फियाट जिवापाड जपणारी काही मंडळी अद्याप आहेत. त्यांपैकी कोणास कोरेगावास जाण्याची इच्छा झाली तर त्याने खुशाल जावे, पाण्याच्या दोन कळश्या घ्याव्यात, आणि प्रस्थान मार्गशीर्षाच्या अखेरीसच ठेवावे. त्या दिवसांत त्या रस्त्याला बैल मिळण्याचा संभव अधिक.