गुप्तहेराला आडनाव नसतं

एका सिनेपरीक्षकाने गेल्या आठवड्यात एका हेरपटाला चार तारे दिले आणि त्याच पानावर, त्याच शाईत, एका आजकालच्या सामाजिक सिनेमाला दीड. तारे त्याचे, पान त्याचं, आपण बोलणारे कोण? पण दीडच का, याचं कारण त्याने लिहून ठेवलं आणि घोटाळा झाला.

हेरपटाचा नायक सात देशांच्या पोलिसांना गुंगारा देऊन सीमेवरच्या एका खेड्यात शिरतो, डोक्याला मुंडासं बांधतो आणि तीन महिने तिथे राहतो. कोणाला संशय येत नाही. परीक्षक लिहितो, ‘वेशांतराचा भाग कमालीचा विश्वसनीय.’ सामाजिक सिनेमातली मुलगी शहरात शिकायला खोली शोधते. घरमालकीण तिला पाणी देते, नाव विचारते, मग आडनाव विचारते, मग खोली कालच गेली म्हणून सांगते. परीक्षक लिहितो, ‘आजच्या काळात हे पटत नाही.’

आता आम्ही पडलो इस्लापूरचे. सहस्रकुंडचा धबधबा बघायला जाणारी माणसं जिथे चहाला थांबतात, तेवढीच आमची ओळख. त्यामुळे सात देशांच्या पोलिसांबद्दल आम्ही बोलणार नाही. विमानाच्या पंखावरून मोटरसायकल चालवता येते की नाही, हेही परीक्षकांनीच ठरवावं. मात्र परक्या माणसाने खेड्यात शिरून तीन महिने गुपचूप राहण्याचा विषय निघाला, तर त्यातले तज्ज्ञ आम्ही आहोत.

होतं काय, की नायक गाडीतून उतरतो. मुंडासं अगदी झकास बांधलेलं. हॉटेलात बसतो, चहा सांगतो. समोरच्या बाकड्यावर जे एक गृहस्थ बसलेले असतात, ते कोणत्याही खात्यात नोकरीला नसतात. ते नुसते बसलेले असतात.

‘कोणाकडं आलाव पाव्हणं?’

‘कामानिमित्त. कापसाचा व्यापारी आहे.’

‘आसं का. आडनाव काय म्हनलाव?’

‘पाटील.’

प्रत्येक नवशिका हेर इथे पाटीलच सांगतो. प्रशिक्षणातच तसं शिकवत असावेत.

‘पाटील हे आडनाव का गावची पाटीलकी? आडनाव येगळं आसंल की.’

‘नाही, आडनावच.’

‘कुठले?’

‘तिकडचे.’

‘तिकडचे म्हणजे भोकरचे, हिमायतनगरचे का नदीपल्याडचे उमरखेडचे?’

‘भोकरचे.’

‘भोकरला आमची मावशी दिलेली हाय.’

संपलं. सिनेमा अकराव्या मिनिटाला संपला. उपग्रहाला चकवता येतं, बोटांचे ठसे बदलता येतात, डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा म्हणे बदलता येतात; भोकरला दिलेल्या मावशीवर जगातल्या एकाही गुप्तचर संघटनेकडे उतारा नाही. नायकाने घाईघाईत तेलुगू बोलून निसटायला बघावं, तर निम्म्या बाजाराला तेलुगू कळतं. तांड्यावर जाऊन राठोड सांगावं, तर राठोडांतले कोणते, हा पुढचा प्रश्न तयार. दखनीत बोलला तर मोहल्ला कोणता? जंगलात पळाला तर पाड्यावरचं पोरगं गोंडीत विचारणार आणि तेही कूळच विचारणार. पाच भाषांचा मुलूख आहे आमचा आणि पाचही भाषांत प्रश्न एकच आहे.

हेरपटवाल्यांनी यातून एक पळवाट काढली, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी नायकाला आडनावच ठेवलं नाही, आकडा दिला. १९६६ साली तेलुगूत ‘गूढचारी ११६’ आला आणि पुढच्याच वर्षी त्याचा हिंदीत ‘फर्ज’ झाला. भाषा बदलली, गाणी बदलली, नायक बदलला, ११६ मात्र तोच राहिला. आकड्याला ना जात, ना गोत, ना भोकरची मावशी. मोठी सोय आहे. पण हा ११६ इस्लापुरात उतरला आणि त्याने ऐटीत आकडा सांगितला, तर बाकड्यावरचे गृहस्थ शांतपणे विचारतील, ‘गट नंबर का घर नंबर?’ आणि गट नंबर म्हणाला, तर सातबारा कोणाच्या नावावर आहे हे चहा निवायच्या आत बाहेर येईल.

आमच्या जुन्या लोकांना हे कळत होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे नऊ प्रकार सांगितलेत. पाच एका जागी बसणारे, चार हिंडणारे. त्या पाचांत एक आहे ‘गृहपतिक’, म्हणजे धंदा बुडालेला शेतकरी. त्याला जमीन द्यायची, शेती करू द्यायची आणि त्याच्याकडून खबरी घ्यायच्या. दुसरा ‘वैदेहक’, बुडालेला व्यापारी. म्हणजे सव्वादोन-अडीच हजार वर्षांची परंपरा सांगतात त्या ग्रंथालासुद्धा ठाऊक होतं, की मुंडासं बांधून भागत नाही. हेराला घर लागतं, शेत लागतं, बुडालेलं कर्ज लागतं, तेव्हा कुठे लोक त्याला आपल्यातला म्हणतात. मराठवाड्यात या पदासाठी भरती काढली तर अर्ज ठेवायला तालुक्याला गोदाम पुरणार नाही. धंदा बुडालेला शेतकरी, पात्रता पूर्ण, अनुभव पिढीजात. पण आमच्या परीक्षकाच्या हेरपटात शेतकरी कशाला असतो? नायकाची गाडी ज्यावर आपटून पेट घेते, ती कडब्याची गंजी पुरवायला.

सीमेचंच म्हणाल, तर तीही आमच्याकडे होऊन गेली. १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, तेरा महिने, पैनगंगेच्या या काठाला निजामाचं राज्य आणि त्या काठाला स्वतंत्र भारत. सहस्रकुंडचं पाणी त्या तेरा महिन्यांत दोन देशांच्या मधून पडत होतं. हैदराबाद संस्थानाच्या हद्दीबाहेर मुक्तिसंग्रामाची शिबिरं होती, हद्दीच्या आत रझाकार होते, आणि १९४८ च्या जानेवारीत आमच्या आताच्या जिल्ह्यात उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटली, चळवळीसाठी. खरीखुरी सीमा, खरीखुरी बँक, खरीखुरी बंदूक. या सगळ्यावर हेरपट काढायला कोणी आलेलं आमच्या ऐकण्यात नाही. कदाचित येऊन गेले असतील आणि इथल्या माणसांकडे पाहून त्यांना ‘विश्वसनीयता’ कमी वाटली असेल.

असो. हेराचं सोडून देऊ. त्याला चार तारे मिळाले, त्याचं कल्याण होवो. ‘डोकं बाजूला ठेवून बघा’ असं परीक्षकाने शेवटी लिहिलंच आहे आणि स्वतः ते पाळलंही आहे. माझी तक्रार अशी, की हेरपट संपल्यावर त्याने बाजूला ठेवलेलं डोकं पुन्हा उचललं आणि ते घेऊन तो त्या मुलीच्या सिनेमाला गेला. तिथे त्याला तर्क आठवला. संभाव्यता आठवली. ‘घरमालकिणीचं पात्र एकरेषीय आहे’ असं तो म्हणतो. ‘आडनाव विचारण्याचा प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटतो.’ ‘दिग्दर्शकाला काहीतरी सांगायचंच आहे, असं जाणवत राहतं.’ काय ही दिग्दर्शकाची हिंमत! पैसे घालून सिनेमा काढला आणि वर काहीतरी सांगायचं म्हणतो.

अहो परीक्षक, बारावीला पोरं नांदेडला जातात, लातूरला जातात. क्लासच्या मागच्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरावर ‘रूम भाड्याने देणे आहे’ अशी पाटी असते. त्या पाट्यांच्या पुढे पोरगं आणि बाप उभे राहतात. बापाच्या हातात गादीची वळकटी. आतून विचारतात, नाव काय? पोरगं नाव सांगतं. मग येतो तो प्रश्न, ‘पूर्ण नाव?’ पूर्ण नाव सांगून झालं की काही वेळा जेवणाचं, दिव्याच्या बिलाचं बोलणं सुरू होतं आणि काही वेळा पाटी खरी नव्हती, असं कळतं. पाव्हणे येणार आहेत. रंग द्यायचा आहे. कालच गेली. शिवी नाही, आवाज चढवणं नाही, पाणी विचारतात, ताई-दादा म्हणतात. घरमालकीण एकरेषीय नाहीच मुळी, फार गोड असते. म्हणूनच बापाला भांडताही येत नाही. तो वळकटी उचलतो आणि पुढच्या पाटीकडे जातो. अस्पृश्यता राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने १९५० पासून बंद आहे, हे परीक्षकाने वाचलेलं असणार. वाचलं आणि त्याला वाटलं, झालं काम. त्याला कोणी आडनाव विचारत नाही हे खरंच आहे. कसं विचारतील? तो जिना चढायच्या आत त्याचं आडनाव वर पोहोचलेलं असतं आणि चहा टाकलेला असतो. मग तो लिहितो, आजच्या काळात कोण विचारतं. तीस लोकांना एका काडतुसात लोळवणारा माणूस याला पटतो आणि जिन्यावर उभा असलेला बाप पटत नाही! कसला डोंबलाचा परीक्षक. ज्या शहरात हा राहतो त्याच शहरात त्या पाट्या आहेत, फक्त त्या वाचायला त्याला खाली उतरावं लागलेलं नाही.

आवाज चढला. सदर विनोदी आहे, म्हणून विनोदाकडे वळतो.

परीक्षकाला हेरपट आवडतात आणि सामाजिक सिनेमे पटत नाहीत, तर दोन्ही एकत्र करून एक कथा मी सुचवतो. नायक ११६. मोहीम: शत्रूच्या प्रदेशात शिरून जात वैधता प्रमाणपत्र मिळवणे, तेही प्रवेशाची शेवटची तारीख उलटायच्या आत. परदेशी पासपोर्ट तो लिफ्टमध्ये बसल्याबसल्या तयार करतो, हे आपण पाहिलंच आहे. इथे त्याला लागेल पुरावा. अनुसूचित जात असेल तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. विमुक्त, भटका असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. इतर मागास असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, म्हणजे योगायोग बघा, ‘फर्ज’ ज्या साली आला त्याच सालचा. तिकीट जपून ठेवलं असतं तरी चाललं नसतं, कारण तिकिटावर जात लिहीत नाहीत.

पुरावा कुठे असेल? इस्लापूर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यात. नंतर आम्ही नांदेडात आलो, आमचे कागद सगळेच आमच्याबरोबर आले असं नाही. म्हणजे नायकाने राज्याची सीमा ओलांडायची आणि आजोबांच्या नावाचा कागद शोधायचा. आजोबा शाळेत गेले नाहीत, कारण तेव्हाही कोणीतरी आडनाव विचारलं होतं. चुलत आजोबा गेले, चौथीपर्यंत. त्यांच्या नोंदीचा उतारा सापडतो, तो निजामाच्या अमदानीतला, उर्दूत. उर्दू वाचणारा शोधायचा, भाषांतर करून घ्यायचं, त्यावर शिक्का आणायचा. पाठलाग आहे, कोडं आहे, प्राचीन लिपी आहे, वेळेशी शर्यत आहे. मध्यंतरापर्यंत ११६ च्या हातात टोकन येतं. टोकनावरचा आकडा ४०२. नायकाला आयुष्यात पहिल्यांदा कळतं, की आपल्याहून मोठे आकडे असतात.

शेवटच्या प्रसंगात तो खिडकीपाशी पोहोचतो. अंगावर जखमा, कानात ते बारीक यंत्र, मागे रांग. खिडकीतला माणूस कागद उलटतो, पालटतो, चष्मा पुसतो आणि म्हणतो, चुलत आजोबांच्या उताऱ्याच्या भाषांतरात आडनावाची वेलांटी पहिली आहे, तुमच्या दाखल्यावर दुसरी आहे. दोन्ही एकच असल्याचं शपथपत्र आणा, सोमवारी या. सोमवारी सुट्टी आहे. त्यापुढचं दुसऱ्या भागात घ्यावं लागेल.