डासाच्या पोटातल्या मध्यस्थांना

रा. रा. सीडीपीके-४ यांस,
मु. पो. हिवतापाचा जंतू, मार्गे अ‍ॅनॉफिलीस डासाची मादी



हुडहुडी भरली की लोक डासाला शिव्या घालतात, नगरपालिकेला घालतात, फार तर शेजाऱ्याच्या उघड्या टाकीला. कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या तुमच्यासारख्या एन्झाइमच्या वाट्याला मात्र आजवर एक साधी कोपरखळीही आली नाही. केवढा हा अन्याय!

तुमचा धंदा लग्न लावण्याचा. माणसाच्या रक्तात जंतूच्या नर आणि मादी पेशी दिवसेंदिवस नुसत्या फिरत असतात, एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. मग डासाची मादी रक्त पिते, तापमान पाचेक अंशांनी उतरतं, तिच्या पोटातलं झँथुरेनिक आम्ल लागतं आणि काही सेकंदांत नर पेशीतला कॅल्शियमचा साठा मोकळा होतो. तुमच्या अंगावर कॅल्शियम धरून ठेवणारे चार खिसे. ते भरले की तुम्ही जागे होता आणि ठरलेल्या प्रथिनांवर फॉस्फेटचे शिक्के मारत सुटता. पंधराएक मिनिटांत एका नराचा डीएनए तीनदा दुप्पट होऊन आठ नवरदेव शेपट्या झाडत बाहेर! आमच्याकडे एकाच नवरदेवाला कोपऱ्यावरून मांडवात आणायला बँडवाले तासभर घेतात.

तुमच्या करामतीचा पहिला साक्षीदार अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइनचा. ६ नोव्हेंबर १८८० रोजी फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांना सैनिकाच्या रक्तात वळवळणारे धागे दिसले. काचेवर रक्ताला हवा लागून ते गार झालं, तेवढ्यानं तुम्हाला डासाचं पोट आल्याचा भास झाला. वधू ना मांडव, तरी अक्षता टाकून मोकळे! पुढे २००४ मध्ये ऑलिव्हर बिल्कर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हिवतापाच्या जंतूतून तुमचं जनुकच काढून टाकलं, तेव्हा कुठे मध्यस्थाचं नाव फुटलं. तुमच्यावाचून नर बसले ते बसलेच.

 

आता कुळाचं बोलू. तुमचे भाऊबंद झाडाझुडपांत आहेत; माणसाच्या शरीरात तुमच्या घराण्यातलं कोणी नाही. म्हणजे तुमचा गळा धरताना आमच्या घरचं कोणी सापडण्याची भीती कमी. शिवाय शिक्क्यांसाठी फॉस्फेट पुरवणारा एटीपी हा रेणू तुमच्या ज्या खोबणीत बसतो, तिच्या दाराशी सेरीन नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे अगदी किरकोळ पहारेकरी. आमच्या बहुतेक कायनेजकडे, म्हणजे आमच्या शिक्के मारणाऱ्या एन्झाइमांकडे, तिथे चांगला दांडगा गडी असतो. त्या फटीतून नेमके आत शिरतील असे रेणू प्रयोगशाळांत तयार झाले आहेत. औषधाच्या दुकानात अजून आलेले नाहीत, एवढाच तुमचा दिलासा. पण फार लांबचे बेत आखू नका.

कळावे, लोभ नसावाच.

आपला,
एक तापलेला वाचक

ता. क. (हा मजकूर यजमानांसाठी) फॅल्सिपेरम जातीच्या जंतूमुळे होणाऱ्या हिवतापात ताप उतरल्यावरही या नर-माद्या रक्तात उरतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनची एकच मात्रा देतात. तुमच्या तापाला तिचा उपयोग नाही. ती शेजाऱ्यासाठी असते, डासामार्फत हिवताप त्याच्याकडे पोचू नये म्हणून. डॉक्टरांनी लिहून दिली असेल, तर बरं वाटतंय म्हणून ती पुडीतच ठेवू नका.